मुरमाची वाट : कोहमारा आणि चुलबंदचे खोरे

कोहमाऱ्याच्या चौकात पहाटे साडेपाचला पोहोचलो तर पहिल्यांदा ऐकू येतात ते ट्रक. हजिऱ्यापासून पारादीपपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘सहा नंबर’, इथून पूर्वेला देवरी-रायपूरकडे आणि पश्चिमेला साकोली-नागपूरकडे पळतो. उत्तरेचा फाटा गोरेगाववरून गोंदियाला जातो, दक्षिणेचा नवेगावबांधला. चहाच्या टपरीवर चार दिशांची माणसे एका बाकावर बसलेली असतात. शेजारचे तालुक्याचे गाव सडक अर्जुनी. या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन. मोरगावला लागून असलेली ती अर्जुनी मोरगाव आणि सडकेवरची ती सडक अर्जुनी. इंग्रजांच्या दप्तरात नागपूर-रायपूर मार्गाला ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणत. गावाला त्या नावाशी देणेघेणे नव्हते, पण आपल्या अंगावरून सडक गेली ही गोष्ट गावाने आपल्या नावात कायमची बांधून घेतली.

मला मात्र सडक नको असते. महामार्ग सोडून दक्षिणेच्या रस्त्याला लागायचे, थोडे पुढे जाऊन एखाद्या टोल्याकडे, म्हणजे छोट्या वस्तीकडे, जाणारा फाटा धरायचा. डांबर संपते आणि चाकाखाली ‘खर्रर्र’ असा बारीक, कोरडा आवाज सुरू होतो. हा मुरूम. या प्रकरणात त्याच्याचबद्दल सांगायचे आहे, कारण जगभर ज्याला हल्ली ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात त्याचा अर्थ आपल्याकडे मुरमावर सायकल चालवणे एवढाच होतो. आणि मुरमावर सायकल चालवणे ही गोष्ट चुलबंदच्या खोऱ्यात कोणाला नवीन नाही.

तरी शब्दाची फोड केली पाहिजे. ग्रॅव्हल बाइक म्हणजे शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण दणकट, थोडे रुंद टायर, डिस्क ब्रेक, चढावर पाय भरून येणार नाहीत असे हलके गिअर, आणि चाक व सांगाडा यांच्यात चिखल अडकू नये इतकी मोकळी जागा. टायरची रुंदी साधारण 35 ते 50 मिलिमीटर. रोड बाइक मुरमावर घसरते, जाड टायरची माउंटन बाइक लांब पल्ल्याला जड जाते. ग्रॅव्हल बाइक या दोन्हींच्या मधली.

कच्च्या वाटांच्या सायकलस्वारांची पहिली नावाजलेली संघटना, रफ-स्टफ फेलोशिप, 1955 मध्ये इंग्लंडात लेम्स्टर इथे स्थापन झाली. तो भागही आपल्या जिल्ह्यासारखा सीमेवरचाच, वेल्सला लागून, टेकड्या आणि नद्यांचा. शर्यतीचे वेड नंतरचे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाहून निघणारी 200 मैलांची शर्यत 2006 मध्ये सुरू झाली, आणि 2022 मध्ये इटलीत ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. मला यातली सर्वांत जवळची वाटते ती केनियातली मायग्रेशन ग्रॅव्हल रेस, मसाई मारा परिसरात 2021 पासून होणारी. कारण तिथल्या कच्च्या रस्त्यांना पूर्व आफ्रिकेत ‘मरम’ म्हणतात. आपलाच मुरूम! भारतीय भाषांतला हा शब्द इंग्रज अभियंत्यांनी उचलला आणि वसाहतींच्या रस्त्यांबरोबर तो समुद्रापार गेला. म्हणजे सायकल बाहेरून आली असेल, पण ज्याच्यावरून ती चालते त्याचे नाव इथून तिकडे गेले आहे.

आता मुरूम म्हणजे काय ते पाहू. खडक एकदम माती होत नाही. पाणी आणि ऊन-थंडीने तो आधी सैल होतो, भुसभुशीत होतो, हाताने फुटेल असा होतो. शेतात विहीर खणताना वरची माती संपली की खाली जो खडेमिश्रित थर लागतो, आणि त्याखाली मग ‘पाषाण’ लागतो, तो मधला थर म्हणजे मुरूम. पुण्या-नाशकाकडचा मुरूम काळ्या बेसाल्टचा. गोंदिया जिल्ह्यात मात्र दख्खनचा लाव्हा नाही. तो पश्चिमेला नागपूरच्या आसपास संपतो. इथले खडक त्याच्या कितीतरी आधीचे, पृथ्वीवर झाडे-प्राणी दिसू लागण्यापूर्वीचे: आमगावचे नाइस, डोंगरगडचा ग्रॅनाइट, साकोली समूहाचे शिस्ट आणि क्वार्टझाइट. भूशास्त्रज्ञांनी खडकांना आपल्या तालुक्यांची नावे दिली आहेत, आणि जगात कुठेही या खडकांवर निबंध वाचला गेला की साकोली आणि आमगाव ही नावे उच्चारली जातात, हे इथल्या शाळेतल्या मुलांना सांगितले पाहिजे असे मला फार वाटते.

खडकातला हा फरक सायकलच्या चाकाला ताबडतोब कळतो. बेसाल्ट कुजला की त्याची बहुतेक चिकण माती होते. ग्रॅनाइट आणि नाइस कुजताना त्यातल्या फेल्डस्पारची माती होते, पण गारगोटी, म्हणजे क्वार्टझ, तशीच उरते. म्हणून इथला मुरूम दाणेदार असतो. हातात घेतला तर गव्हाच्या, कधी हरभऱ्याच्या आकाराचे पांढुरके, धारदार दाणे आणि त्यांच्याभोवती तांबूस माती. ऊन तिरपे असले की हे दाणे चकाकतात. तो ‘खर्रर्र’ आवाज गारगोटीचा असतो.

चांगला मुरमाचा रस्ता ही साधी गोष्ट नाही. खाली मोठे दगड, वर गिट्टी, तिच्या फटी भरायला मुरूम, मग पाणी मारून रोलर. मधे थोडा उंच, दोन्ही कडांना उतरता, म्हणजे पाणी थांबत नाही. मुरमात मातीचे प्रमाण जास्त झाले तर पावसात रस्ता साबणासारखा होतो. कमी झाले तर उन्हाळ्यात दाणे सुटे होऊन गोट्यांसारखे घरंगळतात. रस्त्याच्या कामावरच्या एका मुकादमाने मला याची परीक्षा दाखवली होती. मूठभर ओला मुरूम घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला पाहिजे, पण अंगठा टेकवल्यावर त्याचे तीन-चार तुकडे झाले पाहिजेत. भुगा झाला तरी वाईट, लोण्यासारखा दबला तरी वाईट. तेव्हापासून अनोळखी रस्त्याला लागलो की मी उतरून मूठभर मुरूम हातात घेतो.

काही रस्त्यांवर आडव्या लाटा उठलेल्या दिसतात, पन्हळी पत्र्यासारख्या. सायकलवर बसलेल्याचे दात वाजतात. लोकांना वाटते, ठेकेदाराने काम वाईट केले. नेहमी तसे नसते. 2007 मध्ये तबर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या तीन शास्त्रज्ञांनी वाळू पसरलेल्या फिरत्या मंचावर चाक चालवून पाहिले. चाकाचा वेग एका मर्यादेखाली असेल तर वाळू सपाट राहते. मर्यादा ओलांडली की चाक बारीकशा उंचवट्यावरून किंचित उडते, पुढे आपटते, तिथे खड्डा आणि त्यापुढे नवा उंचवटा तयार होतो, आणि लाटा पसरत जातात. स्प्रिंग नसलेल्या, कडक चाकानेही हेच घडते. म्हणजे सुट्या मुरमावर या लाटा वेगातून जन्मतात. भरधाव जीपगाड्या त्या पाडतात. बैलबंडी आणि सायकल पाडत नाहीत. लाटांचा रस्ता आला की कडेला सरकायचे. बंडीची चाकोरी बहुतेक वेळा तिथे गुळगुळीत मिळते.

टायरमधली हवा हा दुसरा धडा. नवखा माणूस टायर दगडासारखा टणक करतो, कारण टणक टायर वेगाने पळतो असे त्याने डांबरावर शिकलेले असते. हिशेब सोपा आहे. मागच्या चाकावर 45 किलो भार आहे असे धरू. हवेचा दाब 100 पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 7 किलो असेल, तर टायर जमिनीला साडेसहा चौरस सेंटिमीटरभरच टेकतो, दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठा ठिपका. 35 पीएसआय दाबाला तोच ठिपका 18 चौरस सेंटिमीटरचा होतो. टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतो, आणि सायकल अर्धा सेंटिमीटर वर फेकायला लागलेली ताकद तुमच्या मांडीतून गेलेली असते. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे जातो. मुरमावर थोडा मऊ, रुंद टायरच वेगवानही असतो आणि सुखाचाही. फार मऊ केला तर मात्र रिम दगडावर आपटते.

पण सगळीच वाट मुरमाची नसते. मुरूम टाकलेला रस्ता शेताच्या तोंडाशी संपतो आणि पांदण, म्हणजे शेतांमधली मातीची वाट, सुरू होते. तिथे शेतकऱ्याचे शब्द उपयोगी पडतात. धानाच्या या मुलखात मातीची नावे वेगवेगळी आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी. कन्हार काळी आणि चिकट. मोरांड तिच्यापेक्षा हलकी. सिहार पिवळसर, रेताड, धानाची लाडकी. बरडी म्हणजे उंचवट्यावरची लालसर, खडेमिश्रित, पिकाला कंजूस जमीन. शेतकऱ्याची क्रमवारी कन्हारपासून बरडीपर्यंत खाली उतरते. सायकलस्वाराची नेमकी उलटी.

हे मी एका ऑक्टोबरात शिकलो. रात्री अवकाळी पाऊस झाला होता. दोन बांध्यांमधली अर्ध्या किलोमीटरची पांदण दिसायला निर्मळ होती. पन्नास पावलांवर चाकांनी माती उचलायला सुरुवात केली, शंभर पावलांवर टायर आणि सांगाडा यांच्यातली सगळी जागा भरली, आणि चाक फिरायचे थांबले. काडीने माती उकरायची, दहा पावले ढकलायची, पुन्हा उकरायची. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. धुऱ्यावर बसलेल्या एका आजोबांनी हे सगळे शांतपणे पाहिले आणि एवढेच विचारले, “कन्हारातून कायले आले जी? बरडीवरून गेले असते.” उजवीकडे, दोनशे मीटरवर, टेकाडाच्या अंगाने जाणारी तांबडी पायवाट त्यांनी हाताने दाखवली.

चुलबंद ही या खोऱ्याची नदी. गोरेगावच्या बाजूच्या डोंगरांतून निघते, मुर्दोलीच्या परिसरात तिच्यावर धरण आहे, मग सडक अर्जुनी तालुका ओलांडून साकोली, लाखांदूरकडे जाते आणि वैनगंगेला मिळते. मोठी नदी नाही. उन्हाळ्यात वाळूचा पट्टा आणि त्यात पाण्याची रेघ. पावसाळ्यात मात्र रपटे बुडतात आणि टोल्यांचा संबंध तुटतो. रपटा म्हणजे पाणी वरून वाहून जाईल असा बुटका पूल. त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो. ब्रेक लावायचा नाही, हँडल वळवायचे नाही, सरळ, एका गतीने पार व्हायचे. पाणी घोट्याच्या वर वाहत असेल तर उतरून परत फिरायचे. याला अपवाद नाही.

नदीपेक्षा या भागाची ओळख तलावांनी होते. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी, म्हणजे एकेकाळी गावच्या मालगुजारांच्या मालकीचे, तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. सरकारी कागदांत आणि आता लोकांच्या तोंडीही ‘मामा तलाव’. तलाव बांधण्याची विद्या कोहळी समाजाची. पाणी कुठून उतरते, कुठे अडवले तर कमीत कमी पाळीत, म्हणजे बांधात, जास्तीत जास्त साठते, जादाचे पाणी कुठून काढून द्यायचे म्हणजे ते खालच्या तलावाला मिळेल, हे त्यांनी नकाशाशिवाय ओळखले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. भोवतीच्या डोंगरांना लोक सातबहिणी म्हणतात. कोहळ्यांनी डोंगरांमधल्या खिंडी तेवढ्या पाळीने बुजवल्या आणि उरलेली भिंत डोंगरांनीच पुरवली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि वर्षानुवर्षे त्यांची निगा राखणारी गावाची घडी विस्कटली. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली. अलीकडे अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर बायकांनी पुढे होऊन तलावांत स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि मासे परत आणले. या कामाइतके मोलाचे काम मला या खोऱ्यात दुसरे दिसले नाही.

तलावाची पाळ ही सायकलसाठी या प्रदेशातली सर्वांत सुंदर वाट आहे. तीनशे वर्षे माणसांनी, गुरांनी तुडवलेला मुरूम दगडासारखा बसलेला असतो. एका हाताला पाणी, त्यात शिंगाड्याची जाळी, कमळे. दुसऱ्या हाताला दहा-पंधरा फूट खाली धानाच्या बांध्या. नोव्हेंबरात धान कापून पडलेला असतो आणि हवेत ओल्या तणसाचा वास. पण पाळ ही मातीची आहे हे विसरू नये. पावसाळ्यात ती मऊ असताना तिच्यावर चाकाची चाकोरी पाडली तर तिथूनच पाणी वाट शोधते. जून ते सप्टेंबर मी पाळीवर सायकल नेत नाही, चालत जातो.

जंगलाचे भान वेगळे. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. त्याचा गाभा सुमारे 656 चौरस किलोमीटरचा. नागझिरा उत्तरेला, नवेगाव दक्षिणेला, आणि दोघांच्या मधून महामार्ग 53. कोहमारा नकाशावर पाहिले की कळते, हा चौक वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभा आहे. 2023 च्या मे महिन्यात नागझिऱ्यात दोन वाघिणी आणून सोडल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुर्दोलीजवळ भरधाव मोटारीच्या धडकेने एक तरुण वाघ मेला. त्या जागेवरून मी नंतर सायकलने गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग आणि ऐन अगदी जवळ येतात, डांबर गुळगुळीत, वळणे सौम्य. गाडी आपोआप वेग घेईल असाच तो रस्ता आहे.

सायकलचा आवाज नाही, हा तिचा गुण जंगलात दोष ठरतो. अस्वल किंवा रानडुक्कर आपल्याला शेवटच्या क्षणी ओळखते आणि घाबरते. म्हणून सूर्य वर आल्याशिवाय जंगलालगतच्या वाटेला लागू नये, चारनंतर तिथे नसावे, वळणावर घंटी वाजवावी, आणि वनखात्याच्या फाटकाच्या आत परवानगीशिवाय चाक टाकू नये. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला पहाटे झाडाखाली वाकलेल्या बायकांना हा धोका रोज असतो. आपण हौसेने जातो, त्या पोटासाठी जातात. वाटेत दिसल्या तर लांबूनच हाक द्यावी, वाकलेल्या माणसामागून गुपचूप सायकल नेऊ नये.

पूर्वेला शशीकरणची पहाडी चढून देवरीकडे गेलो की सीमेची चाहूल लागते. तिकडचे पाणी बाघ नदीला जाते, आणि सीमा ओलांडल्यावर छत्तीसगडमधले पहिले मोठे गावही बाघनदीच. ब्रिटिश काळात भंडारा, बालाघाट, दुर्ग हे सगळे मध्य प्रांताचे जिल्हे. 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला, 1999 च्या 1 मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निघाला आणि 2000 मध्ये पलीकडे छत्तीसगड. इतक्या रेघा बदलल्या, पण आठवडी बाजारात झाडीबोली, पोवारी, हलबी, गोंडी आणि छत्तीसगढी एकाच ताडपत्रीखाली ऐकू येतात. महामार्गावर सीमा फलकाने कळते. मुरमाच्या वाटेने गेलो तर कुठे ओलांडली ते कळतही नाही. बाघचे पाणीसुद्धा बालाघाटच्या सीमेने फिरून शेवटी वैनगंगेतच जाते, म्हणजे चुलबंदच्या पाण्याला भेटतेच.

दरवर्षी मुरमाचे रस्ते कमी होत आहेत. पंतप्रधान ग्रामसडक योजना 2000 मध्ये आली, नंतर राज्याची पाणंद रस्त्यांची योजना आली, गल्लोगल्ली सिमेंट आले. ग्रॅव्हलचे वेड असलेले काही मित्र हळहळतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. बाळंतीण रपट्याच्या अलीकडे अडकलेली असताना कच्च्या वाटेचे सौंदर्य कोणी सांगू नये. टोल्याला पक्का रस्ता मिळालाच पाहिजे. माझे मागणे वेगळे आहे: पाळीवरून, नहराच्या कडेने, जंगलालगत जिथे बंडी आणि सायकलच जाते, तिथे चांगला मुरूमच टाकावा आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याची निगा राखावी. तिथे सिमेंट ओतले की मोटारी येतात, वेग येतो, आणि मुर्दोलीला काय झाले ते आपण पाहिले आहे.

एकदा या वाटांवरून परतताना मागचे चाक बसले. बाभळीचा काटा. माझ्याकडे पंप होता, ठिगळ संपले होते. गावाच्या तोंडाशी सायकलचे दुकान होते: पाण्याचा पसरट टब, रबराचे तुकडे, भिंतीला टांगलेले जुने रिम. दुकानदार काकांनी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधला, कानशीने जागा खरवडली, ठिगळ लावून अंगठ्याने दाबून धरले. शेजारी एका दूधवाल्याची काळी, दांडीच्या ब्रेकची सायकल उभी होती, कॅरियरला दोन कॅन. काकांनी माझा टायर चिमटीत धरून पाहिला, मग त्या काळ्या सायकलचा धरून पाहिला.

“एकच आहे की जी हे,” ते म्हणाले.

मी वाकून वाचले. दूधवाल्याच्या टायरच्या कडेला मुरमाने अर्धे पुसलेले आकडे होते: 40-635. माझ्या टायरवर 40-622. रुंदी तीच, 40 मिलिमीटर. रिमचा व्यास तेवढा 13 मिलिमीटरने मोठा. काकांनी हवा भरली, अंगठ्याने दाबली, थोडी सोडली, पुन्हा दाबली.

“मुरमावर जाता ना? मग इतकीच.”

मी खिशातले गेज लावून पाहिले. 36 होते.